कडेवरची वर्षं

माझ्या मुलीला आयुष्यातलं पहिलं बक्षीस मिळालं ते तिच्या दुखण्याबद्दल. देणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं, घेणाऱ्यांनाही नव्हतं. स्टीलची एक वाटी, एक चमचा आणि गुलाबी कागदावर छापलेलं प्रशस्तिपत्र. 'सुदृढ बालक' हे शब्द त्यावर इतक्या मोठ्या टायपात होते की मुलीच्या नावाला जागाच उरली नव्हती. ते कुणीतरी समासात तिरकं लिहिलं होतं. वाटी अजून घरात आहे. तिच्यात आम्ही मोहरी ठेवतो.

ती जन्मली दौंडला, मोठ्या दुष्काळानंतरच्या वर्षी, सातवा महिना संपता संपता. बायको बाळंतपणाला माहेरी जायची होती ती पुढच्या महिन्यात. सासऱ्यांना ताप आला म्हणून ती चार दिवसांसाठी गेली आणि तिथंच तिचं पोट दुखू लागलं. सासरे लोको शेडमध्ये फिटर होते. रेल्वेच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये, रेल्वे दवाखान्यातल्या एका वयस्कर नर्सबाईच्या हातांवर आमची मुलगी आली. मी तेव्हा शिरूरला हायस्कुलात मराठी शिकवत होतो. तार आली, पण तार दौंडहून शिरूरला पोचायला लागला त्याहून जास्त वेळ मला शिरूरहून दौंडला पोचायला लागला.

मुलीला पाहिलं तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांत भरले ते कान. ते इतके मऊ होते की कुशीवर ठेवताना कानाला घडी पडली तर ती तशीच राहायची; नंतर बोटानं उलगडावी लागे. रडायला लागली की ते ऐकण्यासाठी खोलीतल्या सगळ्यांना गप्प बसावं लागे. नर्सबाईनं मला बाजूला घेतलं.

"वजन विचारू नका. आकडा ऐकून काही उपयोग नाही. हिला ऊब द्या, दूध द्या, आणि पाहुणे देऊ नका."

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात अशा मुलांसाठी काचेची पेटी असते, असंही ती म्हणाली. पण पॅसेंजरच्या डब्यातून तिथवर नेताना मुलगी गार पडली तर पेटीत ठेवायला काही उरणार नाही, हेही तिनंच सांगितलं. मग सासऱ्यांनी काम हातात घेतलं. ताप उतरला नव्हता, तरी ते शेगडीजवळ बसून विटा तापवत. वीट घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळत, आधी स्वतःच्या गालाला लावून बघत आणि मग नातीच्या दोन्ही अंगांना ठेवत. शेडचा भोंगा झाला की विटा बदलायच्या. कुणी विचारलं की म्हणत, "प्रेशर धरून हाय." सासूबाई कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब दूध पाजत. सहा आठवडे हे चाललं. मी दर शनिवारी जायचो आणि कोपऱ्यात बसायचो. त्या घरात माझ्याइतकं बिनकामाचं दुसरं काही नव्हतं.

ती जगली. शेवटच्या खेपेला निघताना नर्सबाईनं एक गोष्ट बजावली. हिचं वय मोजताना दोन महिने वजा करा. ज्या दिवशी यायची होती त्या दिवसापासून मोजा, म्हणजे उगाच घाबरणार नाही. मी ते लक्षात ठेवलं. फारच लक्षात ठेवलं.

पाचव्या महिन्यात मायलेकी शिरूरला आल्या. आमच्या वस्तीत पोरं न्हाऊ घालणारी एक बाई होती, तिला लहानथोर सगळे आत्या म्हणत. आत्याच्या हाताखालून निम्मी वस्ती गेली होती, मीसुद्धा. मुलीला पायांवर घेऊन तेल चोळताना ती पहिल्याच आठवड्यात ओरडली, "गुरुजी, हिकडं या! हात लावून बघा. पाय न्हाईत ह्ये, लोखंड हाय लोखंड!"

मी हात लावला. पाय खरंच कडक होते. बगलेत धरून उभं केलं की दोन्ही पाय ताठ करून चवड्यांवर उभी राही, गुडघा जरासुद्धा वाकत नसे. माझ्या आईला आनंद झाला. आई बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन देवदेव सगळं सोडून बसलेली, पण त्या दिवशी तिनं नातीच्या गालावर काजळाचा ठिपका लावला. मी बघतोय हे पाहून म्हणाली, "ह्यो देव न्हवं, ह्यो ठिपका हाय."

बायको मात्र खूश नव्हती. एकदा लंगोट बांधताना ती म्हणाली, "हिचे पाय फाकत नाहीत. जोर करावा लागतो मला. आणि कडेवर बसत नाही, घसरते."

"लहान आहे अजून."

"शेजारचं सहा महिन्यांचं बसतं."

"ते पुऱ्या दिवसांचं आहे. आपण दोन महिने वजा करायचे."

मुलगी पालथी पडेना, तेव्हा मी दोन महिने वजा केले. बसेना, तेव्हाही केले. माझ्याकडे बालसंगोपनावरचं एक पुस्तक होतं. मुलानं कोणत्या महिन्यात काय करावं याचा त्यात एक तक्ता होता. आधारानं उभं राहणं हे नवव्या-दहाव्या महिन्याच्या रकान्यात होतं आणि ते तर आमची मुलगी कधीपासून करत होती. तेव्हा बसण्याची पायरी तिनं गाळली असावी, असं मी मानलं. देव, अंगारे आणि पुढारी यांच्यावर माझा विश्वास नव्हता. तक्त्यावर होता, कारण तो छापलेला होता.

मुलगी दहा महिन्यांची असताना गावातल्या एका नव्या मंडळानं सुदृढ बालक स्पर्धा भरवली. मांडव, कर्णा, पताका, खुर्च्यांवर पांढऱ्या चादरी. प्रमुख पाहुणे ठरलेल्या वेळेनंतर दोन तासांनी आले, तोवर निम्मी सुदृढ बालकं रडून दमून झोपली होती. मुलांची वजनं घेणारे डॉक्टर कुणाचा तरी निरोप आल्यामुळे आकडे कार्यकर्त्यांच्या हाती देऊन निघून गेले. वजनात आमचा नंबर लागण्याची शक्यताच नव्हती. आम्ही गेलो होतो ते मंडळाच्या चिटणिसानं शाळेतल्या सगळ्यांना यायला सांगितलं होतं म्हणून.

बक्षिसं वाटून झाल्यावर आत्यानंच घोटाळा केला. पुढच्या रांगेतून ती मोठ्यानं म्हणाली, "आवं सायेब, आमच्या गुरुजींची पोर बघा की! सातव्या म्हैन्यातली हाय, आन् उभी ऱ्हाती!"

पाहुण्यांना असं काहीतरी हवंच होतं. त्यांनी मुलीला मागवलं, बगलेत धरलं आणि टेबलावर हारांच्या मधोमध उभं केलं. ती नेहमीसारखी ताठ उभी राहिली, टाचा वर, एक पाय दुसऱ्यावर किंचित आलेला. मांडवात टाळ्या झाल्या. पाहुणे कर्ण्यातून म्हणाले, "मुदतीच्या आधी आलेली ही कन्या आज स्वतःच्या पायांवर उभी आहे. आपला तालुकाही असाच उभा राहणार आहे!" पुन्हा टाळ्या. उत्तेजनार्थ म्हणून वाटी-चमचा मिळाला. मीही टाळ्या वाजवल्या. बायकोनं वाजवल्या नाहीत, पण तिच्या कडेवर तेव्हा मुलगी नव्हती, हात मोकळे होते, हे मला पुष्कळ नंतर आठवलं.

पुढच्या महिन्यात आम्ही दौंडला गेलो. नर्सबाई निवृत्त होऊन केडगावला राहायला गेल्या होत्या. सासूबाईंना वाटलं, त्यांच्या हातची मुलगी त्यांना दाखवून यावं. मी प्रशस्तिपत्र गुंडाळून बरोबर घेतलं. दौंडहून पॅसेंजरनं केडगाव फार लांब नाही; तेवढ्या प्रवासात बायकोनं मुलीला तीनदा कडेवर घ्यायचा प्रयत्न केला आणि तीनदा ती घसरली.

नर्सबाईंनी कागदाकडे पाहिलं नाही. मुलीला सतरंजीवर उताणं निजवलं आणि दोन्ही गुडघे धरून हळूच बाजूला केले. हात सोडल्याबरोबर पाय कात्रीसारखे मिटले. त्यांनी पुन्हा उघडले, पुन्हा मिटले. मग पाऊल वर ढकलून पाहिलं. टाचेमागची शीर दोरीसारखी ताणलेली होती.

"बसते का?"

"नाही," बायको म्हणाली.

"कडेवर?"

"घसरते. मी सांगत होते."

कुणाला सांगत होते ते तिनं सांगितलं नाही. मी कागदाची सुरळी आणखी घट्ट केली.

"पण ती उभी राहते," मी म्हणालो.

"ती उभी राहत नाही, मास्तर. तिचे पाय तिला सैल सोडत नाहीत. ही ताकद नव्हे, हा ताठरपणा आहे. कमी दिवसांच्या मुलांत मी पाहिलाय."

बरोबर आलेल्या सासूबाई एकदम म्हणाल्या, "इटांचा शेक जास्त झाला का वं बाई? आमच्या हातनं कायी चुकलं का?"

"विटांनी ती जगली," नर्सबाई म्हणाल्या. "ते पुन्हा बोलायचं नाही."

त्यांच्या चिठ्ठीवर आम्ही पुण्याला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी तेच जरा लांब शब्दांत सांगितलं. लवकर जन्मलेल्या मुलांत कधी कधी मेंदूच्या एका लहानशा भागाला इजा होते आणि पायांना सैल पडायचा हुकूम नीट पोचत नाही. बुद्धी चांगली दिसते. हे बरं होत नाही, पण सुधारतं. टाच जमिनीला टेकायला शिकली तर चालेल. शीर आखडत गेली तर चालणार नाही. दोन-तीन वर्षं तरी काही सांगता येणार नाही. व्यायाम दिवसातून तीनदा: गुडघा सरळ धरायचा, पाऊल वर ढकलायचं, वीस मोजायचे, सोडायचं, पुन्हा.

परत येताना केडगावला उतरून ते सगळं नर्सबाईंना सांगितलं. त्यांनी त्यात एक भर घातली.

"कडेवर घ्या. पाय दोन्हीकडे टाकून. जितका वेळ जमेल तितका वेळ. त्यानं मांड्या आपोआप फाकतात, पाठ धरायला शिकते. आपल्याकडच्या बायका हा व्यायाम पिढ्यान्पिढ्या देत आल्यात, त्यांना माहीत नाही एवढंच."

"घेते की मी," बायको म्हणाली.

"स्वयंपाक कोण करेल, पाणी कोण भरेल? एकटीनं नाही होणार." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही घ्या."

मी म्हणालो, "पुरुष कडेवर घेत नाहीत."

"का?"

आमच्या भागात पुरुष मूल घेतो ते छातीशी किंवा खांद्यावर. कड ही बाईची. कुणी असं लिहून ठेवलेलं नाही, पण कडेवर मूल घेतलेला पुरुष मी तोवर पाहिला नव्हता.

"खांद्यावर घेतो," मी म्हणालो.

"पाठ धरत नाही ती. पडेल. तुमची अब्रू सांभाळायची की तिचे पाय, ते घरी जाऊन ठरवा. आता चहा घ्या."

शिरूरला आल्यावर बायकोनं मला दार लावून शिकवलं. पुरुषाला कंबर असते, पण मूल बसेल अशी कड नसते, हे मला तेव्हा कळलं. मुलगी सरळ खाली यायची.

"कंबर बाहेर काढा."

"किती?"

"लाज वाटेल इतकी."

तेवढी काढल्यावर ती बसली. तिचे ताठ पाय माझ्या पोटाभोवती आणि पाठीमागे लावायला दोघांचे हात लागले. थोड्या वेळानं ते किंचित सैल झाल्यासारखे वाटले. बायको पहिल्यांदाच हसली. म्हणाली, "आता असंच बाहेर जायचं."

शाळा सुटली की मी मुलीला घेऊन निघायचो. वस्तीतून बाजारपेठेत, तिथून घोडनदीच्या काठापर्यंत आणि परत. पहिल्या आठवड्यात सगळा गाव काहीतरी बोलला. सलूनवाल्यानं खुर्चीतल्या गिऱ्हाईकाचा गाल तसाच अर्धा ठेवून विचारलं, "काय गुरुजी, बाईसाहेब बाहेरगावी व्हय?"

"नाही, घरीच आहेत."

"मग तुमच्याकडं कसं काय ह्ये खातं?"

"बढती मिळाली."

हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं. ते सावकाश बोलत, जणू मागं कुणी लिहून घेतंय. "शिक्षकानं रस्त्यानं कसं चालावं, याचा एक अलिखित संकेत असतो."

"लिखित द्या सर, म्हणजे पाळता येईल."

"मुलं हसतात."

"माझ्या तासालाही हसतात. तेव्हा आपण बोलावलं नाही."

हे ऐकायला बरं वाटतं. खरं म्हणजे मला भयंकर लाज वाटायची आणि मी मागच्या गल्लीनं जायचो. आईला तर माझ्याहून लाज. "तुझ्या बापानं तुला लोकांम्होरं कवा हातात बी घेतलं न्हाई," ती म्हणायची. पण एकदा नळावर कुणी बाई माझ्या चालण्याची नक्कल करत होती, तेव्हा आईनं हंडा खाली ठेवला. "माझ्या ल्येकाची कंबर हाय. तुझी झिजती का?" त्यानंतर मी बाजारपेठेतूनच जाऊ लागलो.

आत्या बरेच दिवस आमच्याकडे फिरकली नव्हती. एक दिवस आली आणि उंबऱ्यातच बसली. "म्या लोखंड लोखंड म्हणून नाचले, गुरुजी. लोखंड वाकत न्हाई, एवढं बी मला कळंना. येवढी पोरं न्हाऊ घातली." मी म्हणालो, मी एवढी पुस्तकं वाचली. मग तिनं पदर खोचला आणि व्यायाम शिकवा म्हणाली. तिला वीसपर्यंत मोजता येत नसे. ती एक पाळणा पुरा म्हणायची आणि पाय सोडायची. मी घड्याळ लावून पाहिलं. तिचा पाळणा आमच्या विसापेक्षा लांब होता आणि मुलगी आमच्यापेक्षा तिच्याकडे कमी रडायची.

पुढच्या चार-पाच वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही, तीच त्यांची अडचण. एखादा मोठा प्रसंग घडला तर माणसाला अंगात बळ आणता येतं. रोज तीनदा पाऊल वर ढकलायचं आणि वीस मोजायचे, याला बळ लागत नाही. त्याला लागतं ते माझ्याकडे कमीच होतं. मुलगी रडायची, नंतर रडणं सोडून फक्त माझ्याकडे बघत राहायची, ते जास्त वाईट. एकदा परीक्षेचे पेपर तपासायचे होते, तेव्हा चार दिवस मी माझ्या वाटणीचा व्यायाम घेतलाच नाही आणि घेतला असं सांगितलं. पाचव्या दिवशी बायकोनं मुलीचं पाऊल हातात धरलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "किती दिवस?" मी म्हणालो, चार. पुढे पंधरा दिवस माझ्याही वाटणीचा व्यायाम तिनंच घेतला. ती शिक्षा होती की विश्रांती, हे मी विचारलं नाही.

दीड वर्षाची असताना ती कडेवर स्वतःहून बसू लागली. दोन वर्षांची झाली तेव्हा जमिनीवर. मग भिंत धरून, मग माझं बोट धरून, चवड्यांवर, गुडघे एकमेकांना घासत. टाच वरच. पुण्याचे डॉक्टर दर खेपेला म्हणत, "चालू ठेवा." दोन-तीन वर्षांनी सांगता येईल म्हणाले होते, तीन वर्षं झाली तरी त्यांनी काही सांगितलं नाही आणि आम्ही विचारायचं सोडलं. शिंप्याकडे पॅन्टचं माप द्यायला गेलो तर तो टेप धरून थांबला. "गुरुजी, तुमचं एक अंग खाली आलंय. डावा पाय अर्धा इंच कमी धरू?" मी म्हणालो, धर. तेव्हापासूनच्या सगळ्या पॅन्टी तशाच आहेत.

मुलगी सहाव्या वर्षात असताना मंडळाचा चिटणीस घरी आला. मंडळाला पाच वर्षं होत होती आणि पहिल्या स्पर्धेतली बक्षीसपात्र बालकं मंचावर बोलवायची होती. मी नाही म्हणणार होतो. बायको म्हणाली, "जाऊ या."

पाहुणे तेच होते, हार जरा मोठा झाला होता. यावेळी ते दीडच तास उशिरा आले. एकेक मूल नाव पुकारलं की पळत मंचावर जात होतं. आमचं नाव आलं तेव्हा मी मुलीला कडेवरून उतरवलं आणि बोट पुढे केलं. तिनं ते धरलं, पायरीपर्यंत आली आणि सोडलं. एक पायरी हात टेकून चढली, दुसरी तशीच. पाहुण्यांनी वाकून बगलेत हात घातले, पाच वर्षांपूर्वीसारखेच.

"मला उचलू नका," ती म्हणाली. कर्णा जवळच होता, त्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं. "मी उभी राहते."

पाहुण्यांनी हात काढले. ती थोडी डुलली, दोन्ही हात बाजूला धरले आणि उभी राहिली. फ्रॉकखाली तिची उजवी टाच मला दिसत होती. ती हळूहळू खाली आली आणि फळीला टेकली. डावी टाच दोन बोटं वर राहिली. मी मनात मोजत होतो. सवयीनं वीसपर्यंत गेलो.

मांडवात कुणी टाळी वाजवली नाही. पाच वर्षांची मुलगी उभी राहते, यात वाजवण्यासारखं काय होतं? पाहुण्यांनी तिला पेन्सिलींचा डबा दिला आणि चिटणिसानं पुढचं नाव पुकारलं. मी मागं पाहिलं. आत्या उभी राहिली होती, पदर तोंडात धरून. बायको बसूनच होती. तिचे डोळे त्या टाचेवर होते आणि ती अगदी हळू टाळ्या वाजवत होती, आवाज होणार नाही अशा.

मुलगी पायऱ्या उतरून आली, डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "पाय दुखले. घे."

मी कंबर बाहेर काढली.